वीजवाल्या काकांची पाच वर्षं

वीजवाले काका कुणाच्या घरी पहिल्यांदा गेले की पाणी पिण्याआधी बेसमेंटमध्ये जायचे. आमच्या वास्तुशांतीलाही तसंच झालं. बूट काढले, जॅकेट माझ्या हातात दिलं आणि "पॅनेल कुठे आहे?" असं विचारत जिना उतरले. वर लोक पडद्यांचं कौतुक करत होते आणि हे खाली ब्रेकरच्या डब्याचं दार उघडून एकेका खटक्यावर बोट ठेवून पाहत होते. वर आल्यावर म्हणाले, "घर चांगलं आहे. ड्रायरची वायर तेवढी गरम होऊन राहिली, ती बदलून घे." त्या दिवशी आलेल्या पन्नास माणसांत इतकं उपयोगाचं कुणीच बोललं नाही.

काका मूळचे अकोल्याकडचे. एडमंटनला सत्तरच्या दशकात आले आणि निवृत्त होईपर्यंत शहराच्या पश्चिमेला कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात शिफ्टवर राबले. आमच्या मंडळात डॉक्टर आणि प्रोफेसर पैशाला पासरी. त्यांच्या गप्पांत काकांना जागा नसे, पण उणे तीसमध्ये कुणाची घर गरम ठेवणारी फर्नेस बंद पडली की फोन काकांनाच जायचा. ते टॉर्च आणि हातमोजे घेऊन यायचे. काम झालं की चहा घेत गाडीच्या ब्लॉक हीटरवर एक व्याख्यान द्यायचे. इंजिन गोठू नये म्हणून आम्ही सगळेच गाडी रात्रभर प्लगला लावून ठेवायचो, ते त्यांना सहन व्हायचं नाही. "म्हैस बांधल्यासारखी रात्रभर काहून बांधून ठेवता तिला? टायमर लावा, पहाटेचे तीन तास पुरतात." पुढच्या खेपेला टायमर तेच घेऊन यायचे.

विजेचा विषय निघाला की त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: "फिक्स्ड म्हणजे स्वस्त नाही. फिक्स्ड म्हणजे झोप." अल्बर्टात घरच्या विजेचा दर ज्याचा त्याने निवडायचा असतो. फ्लोटिंग घेतला तर दर महिन्याला बदलतो, फिक्स्ड घेतला तर करार संपेपर्यंत तोच राहतो. एका हिवाळ्यात फ्लोटिंगचे दर असे भडकले की बिल उघडायची भीती वाटायला लागली. तेव्हा लोकांना काका आठवले. मंडळाच्या कार्यक्रमात, हॉलच्या वॉशरूमशेजारी जिथे कोट टांगतात तिथे, काका एक खुर्ची घेऊन बसले आणि त्यांच्यासमोर रांग लागली. प्रत्येकाच्या हातात बिल. मंडळाचे अध्यक्ष हृदयाचे नावाजलेले डॉक्टर होते, तेही रांगेत होते. काकांनी प्रत्येकाचं बिल वाचलं, घरात माणसं किती ते विचारलं, आणि जवळजवळ सगळ्यांना पाच वर्षांसाठी दर बांधून घ्यायला सांगितलं. तो त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस असावा. घरी जाताना त्यांच्या चालण्यातही फरक दिसत होता.

पुढे दर कोसळले. तेलाचा भाव पडला, कारखाने थंडावले, वीज मुबलक झाली, आणि फ्लोटिंगवाले आमच्यापेक्षा कमी भरू लागले. फरक किती? महिन्यातून एकदा दोघांनी बाहेर जेवायला जावं, इतका. तीन-तीन गाड्यांची गॅरेजं असलेल्या लोकांच्या तो जिव्हारी लागला. वीजवाले काकांचे 'लॉक-इन काका' झाले. गणपतीत तरुणांनी एक नाटुकलं बसवलं, त्यात हेल्मेट घातलेला एक म्हातारा सगळ्यांना कुलपं वाटत फिरतो. काका पहिल्या रांगेत बसून हसले. काकू हसल्या नाहीत.

मग एका वर्षी मंडळाने त्यांना सांगितलं की यंदा लाइटचं आणि साउंडचं काम तरुणांना देऊया. वीस वर्षं ते काम काकांनी केलं होतं. त्यांच्या एक्स्टेन्शन कॉर्डवर लाल, पिवळ्या, निळ्या टेपा लावलेल्या असत. कुठली कुठे जाते ते त्यांना डोळे मिटून सांगता यायचं. त्यांनी त्या सगळ्या कॉर्ड गुंडाळून खोक्यात भरल्या आणि नव्या मुलांच्या स्वाधीन केल्या. त्यानंतर ते कार्यक्रमाला येत, पण शेवटच्या रांगेत, कोट मांडीवर घेऊन बसत. मला ते दिसायचं. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसू शकले असते. बसले नाही.

आम्ही सगळ्यांनी करार एकाच हंगामात केले होते, त्यामुळे ते संपलेही एकदमच. दोन आठवड्यांत सगळ्यांच्या घरी एकसारखंच पत्र आलं: तुमची मुदत संपते आहे, काय करायचं ते कळवा, नाही कळवलं तर आपोआप फ्लोटिंगवर जाल. मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसरा विषयच उरला नाही. अध्यक्ष डॉक्टरांनी लिहिलं की सरकार आता दरावर मर्यादा घालणार आहे, तेव्हा पुन्हा कुणी तो मूर्खपणा करू नये. काकांनी त्यावर एक लांब मजकूर देवनागरीत टाकला. एका बोटाने टाइप करायला त्यांना अर्धा दिवस लागला असेल. कोळशाची केंद्रं आता बंद होत जाणार, आज दर तळाला आहेत, तळाला असतानाच बांधून घ्यावेत, आणि सरकारची मर्यादा सरकारइतकीच टिकेल, असं त्यात होतं. खाली एक हसरा चेहरा आला. मग कुणाच्या तरी मुलीचा वाढदिवस निघाला आणि केकच्या चित्रांखाली काकांचा मजकूर कुठल्या कुठे गेला.

त्या वर्षी माझा नवरा घरी होता. त्याच्या कंपनीने अर्धी माणसं काढली होती. मी एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होते आणि घर त्यावर चालत होतं. डॉक्टरांच्या मेव्हण्याच्या फर्ममध्ये नवऱ्यासाठी शब्द टाकणं चालू होतं. म्हणजे डॉक्टरांना दुखवायचं नाही, आणि विजेच्या बिलात चूकही करायची नाही, अशी माझी कोंडी. मी एका शनिवारी स्टीलचा डबा परत द्यायचं निमित्त करून काकांकडे गेले. काकू नेमक्या सीनियर सेंटरमध्ये पोहायला गेल्या होत्या. काकांनी स्वतः चहा केला. ते फार वाळले होते. कप उचलताना घड्याळ मनगटावरून घसरून पार कोपरापाशी जात होतं. बरं आहे ना, असंही मी विचारलं नाही. माझं पत्र पुढे केलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं. या घरात किती वर्षं राहणार, मुलं कोणत्या इयत्तेत, वरची बेडरूम गरम करायला वेगळा हीटर लागतो का, सगळं विचारलं. मग म्हणाले, "पाच वर्षांचं घे. नवऱ्याची नोकरी नाही, त्यात दर महिन्याचा धसका कशाला?" ड्रॉवरमधून त्यांनी स्वतःचा नवा करार काढून दाखवला. सही ताजी होती. पाच वर्षं.

निघताना मी बूट घालत रेंगाळले. मला काय सांगायचं होतं ते मला सांगता येईना, म्हणून त्यांनीच सांगून टाकलं. "मला विचारलं म्हणून कोणाला बोलू नको. तुझं काम अडेल. मला चालते."

मी सोमवारी दवाखान्यातून लंच ब्रेकमध्ये कंपनीला फोन केला आणि पाच वर्षांचा करार घेतला. काकांना कळवलं नाही. कळवायचं राहून गेलं, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे मला भीती होती, की त्यांच्या तोंडून कुठेतरी निघेल.

त्याच आठवड्यात मंडळाची संक्रांत होती. तिळगूळ वाटून झाल्यावर डॉक्टरांनी माइक हातात घेतला. आभार मानता मानता म्हणाले, आता एक छोटंसं सर्वेक्षण करूया, यंदा पुन्हा कोण कोण लॉक झालं त्यांनी हात वर करा. हॉलमध्ये हशा उसळला. शेवटच्या रांगेत काकांनी हात वर केला. तो हात त्यांनी बराच वेळ वर ठेवला आणि खुर्च्यांवरून नजर फिरवली. माझ्यावर ती क्षणभर थांबली असेल, नसेल. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मांडीवरच्या तिळगुळाच्या पिशवीकडे पाहत होते, आणि सगळे हसत होते म्हणून हसतही होते. हे लिहिताना मला माझी चीड येते. नवऱ्याला ती नोकरी शेवटी मिळाली नाही, हे इथे सांगून टाकलेलं बरं. मिळाली असती तरी माझ्या हसण्याला त्याने मुलामा चढला नसता.

काका त्या उन्हाळ्याअखेरीस गेले. शोकसभेत डॉक्टर छान बोलले. मंडळाचा प्रकाश हरपला, म्हणाले. पुढच्या वसंतात दर चढू लागले आणि वर्षभरात फ्लोटिंगवाले सरकारी मर्यादेला जाऊन टेकले. त्याच्याही पुढच्या वर्षी सरकार बदललं आणि ती मर्यादाही उठली. ग्रुपवर कंपन्यांना शिव्या घातल्या गेल्या, मंत्र्यांना घातल्या गेल्या. ज्या एका माणसाचं नाव निघायला हवं होतं, ते मात्र कुणी काढलं नाही.

पण हे सगळं होण्याच्या आधी, दर नुकते वाढत होते तेव्हा, काकूंचा मला फोन आला. घर विकलं होतं आणि त्या आपल्या मुलीकडे विंडसरला निघाल्या होत्या. विजेचं खातं काकांच्या नावाने होतं, ते बंद करायचं होतं, आणि कंपनीशी फोनवर बोलायला कुणीतरी शेजारी हवं होतं. मी गेले. भिंतींवर तसबिरींचे चौकोन उरले होते. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर काकूंनी फोन स्पीकरवर ठेवला आणि आम्ही ते वाट बघायला लावणारं संगीत ऐकत उभ्या राहिलो.

"साडेतीन वर्षं बाकी आहेत बघ," करार चाळत काकू म्हणाल्या. मी म्हटलं, काकांनी फार विचारपूर्वक घेतलं होतं. त्यांनी चष्मा काढला.

"विचारपूर्वक? त्यांना डिसेंबरातच सांगितलं होतं हॉस्पिटलात. सहा महिने, फार तर आठ. मी म्हटलं, अहो, आता काय लॉक करता, जसं आहे तसं चालू द्या. तर म्हणे, मला कोणी विचारत नाही, पण मी काय करतो ते लोक पाहून राहिले. मीच पाच वर्षांचं नाही घेतलं तर म्हणतील, ह्याचाच ह्याच्यावर भरवसा नाही."

मी म्हणाले, "काकू, आम्ही घेतलं. पाच वर्षांचं. त्यांना विचारून."

त्यांनी करार मिटला आणि ओट्यावर ठेवला.

"त्या संक्रांतीला हॉलमधून आले आणि कोट न काढता बसून राहिले," त्या म्हणाल्या. "म्हणे, आपलं ऐकणारं एकही माणूस उरलं नाही. जाईपर्यंत तेच होतं त्यांच्या मनात." मग म्हणाल्या, "एक फोन करायचा होतास गं."

तेवढ्यात संगीत थांबलं. पलीकडून एका मुलाने नाव विचारलं, खात्याचा नंबर विचारला, आणि मुदत संपण्याआधी करार का मोडता आहात, असं विचारलं. काकूंनी फोन ओट्यावरून माझ्याकडे सरकवला.

"तूच सांग," त्या म्हणाल्या.