केणीसाहेबांचा पंच

केणीसाहेब औषधाची डबी हातात घेतली की वरचं लेबल आधी खणखणीत आवाजात वाचत, आणि मग एक सणसणीत शिवी हासडत. किन्हवलीच्या बाजारात मला पहिल्यांदा दिसले ते असेच. "शुद्ध झाडपाल्याची गुडघेदुखीची गोळी! अरे, झाडपाला कसला? स्टिरॉइड ठासून भरलंय!" औषध निरीक्षक म्हणजे सही करून, चहा पिऊन जाणारा सरकारी बाबू, असा माझा समज. हा माणूस विक्रेत्या बबनची कॉलर धरून उभा होता.

बबनच्या गोळ्या खाऊन वरच्या पाड्यावरची बारकी नावाची म्हातारी आधी टुणटुणीत झाली, मग तिचं तोंड सुजलं आणि एके दिवशी रक्त ओकून ती गेली. तिचा मुलगा मंगळू उरलेली डबी घेऊन साहेबांकडे पोचला होता. जप्तीला साक्षीदार म्हणून पंच लागतो. बबनच्या भीतीने बाजारातला एकही माणूस पुढे येईना. समोरच माझं शिलाईचं दुकान. "मास्तर, या इकडे. सही येते ना?" झालं, अडकलो!

नमुन्यांवर लाखेची मोहर बसली, माझी सही झाली, आणि बबनची माणसं सळया घेऊन आली. साहेब नमुने पोटाखाली घेऊन पालथे पडले. पाठीवर सळया बसत होत्या. उजवा हात काडकन मोडला तो आवाज मी ऐकला. मी शिलाई मशीनच्या मागे लपलो होतो, खोटं कशाला बोलू? साहेब ओरडत होते, "मारा रे, मारा! हाडं माझी आहेत, नमुना सरकारचा आहे!"

प्रयोगशाळेत साहेबांचंच खरं निघालं. पण खटला उभा राहायला चार वर्षं गेली. साक्षीच्या आदल्या दिवशी बबनच्या भावाने माझीच कात्री माझ्या गळ्याला लावली. "कोर्टात त्वांड उघाडलास तर जीभ कापीन." शहापूरच्या कोर्टात मी सांगितलं, "मी कायच पायलं नाय. कोऱ्या कागदावर सही घेतली." साहेब मागच्या बाकावर बसून ऐकत होते.

बाहेर येताच मंगळूने माझं बखोट धरलं. "माजी आय मेली, आन तू कायच पायलं नाय?" त्याने काठी घातली. साहेब मधे आले आणि ती त्यांच्या त्याच मोडक्या हातावर बसली. ते कळवळून खाली बसले. मंगळू काठी टाकून हमसाहमशी रडायला लागला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"साहेब, मी खोटं बोललो."

"ऐकलं मी. बहिरा नाही झालो अजून." हात पोटाशी धरून त्यांनी दाराकडे मान केली. "न्यायाधीश उठलेले नाहीत, मास्तर. आत जा."

"ते मला मारतील."

"मारतील," साहेब म्हणाले.

दुसरा कुणी 'काही होत नाही हो' म्हणाला असता, तर मी तिथूनच धूम ठोकली असती. मी आत गेलो आणि सगळं सांगितलं. संध्याकाळी आसनगावच्या रस्त्यावर माझे पुढचे दोन दात गेले. बबनला शिक्षा झाली.