आमच्यात पुरतात

आजोबा लाँचमधून दुबईला आले, तेव्हा इथं ओळखीचं कुणी नव्हतं. पहिली गेली ती त्यांची तान्ही मुलगी, माझी आत्या. आम्ही लिंगायत, आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. बिगरमुस्लिमांच्या दफनभूमीत भिंतीकडेला आजोबांनी जागा मिळवली. पुढं आजी तिथं गेली, मग आजोबा. मोठ्या माणसाला आमच्यात मांडी घालून बसवतात, त्यामुळे खड्डा खोल लागतो. ईदच्या सुट्टीत आम्ही तिथं वाळू झाडायला जायचो. बाबा म्हणायचे, "इथं व्हिसा रिन्यू करायला लागत नाही. बसा निवांत."

बाबा गेले तेव्हा आई खुब्याच्या ऑपरेशननं आडवी होती. मृत्यूच्या नोंदणीच्या काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "हिंदू? क्रिमेशन?" मी मान हलवली. पुरायचंय म्हटलं असतं तर वेगळी परवानगी, खोल खड्डा, आणि तो का हवा, हे प्रत्येकाला समजावत बसावं लागलं असतं. मला अडवलं कुणीच नव्हतं. फक्त लवकर उरकायचं होतं.

आईला सांगितलं, आजोबांशेजारी बसवलं. पाय बरा झाला की जाऊ, म्हणत राहिलो. मग उन्हाळा, मग माझं ऑफिस.

यंदा ती म्हणाली, "मला माझी जागा बघायचीय. त्यांच्या बाजूची." माझ्या मुलीनं गाडी काढली. अबुधाबीत रीम आयलंडवर आमचं घर; तिथून दुबईपर्यंत मी ऑफिसचे मेल बघत बसलो.

भिंतीपाशी आई एकेका दगडाला हात लावत गेली. "हे मामंजी. ह्या सासूबाई. ही चिमुरडी. आणि हे कुठंयत?"

"नाहीत, आई. मी जाळलं त्यांना."

"कुणी सांगितलं होतं जाळायला?"

"कुणीच नाही. पुरायचं का, हे सगळ्यांना समजावत बसावं लागलं असतं."

मुलगी म्हणाली, "आजी, इट्स टू हॉट. कम, सिट इन द कार."

आई हलली नाही. "आणि गळ्यातलं इष्टलिंग?" आमच्यात ते छोटं शिवलिंग माणसाबरोबरच जातं, डाव्या तळहातावर ठेवून.

"घरी आहे. कपाटात, पासपोर्टांखाली."

तिनं मामंजींच्या दगडावरची वाळू पदरानं झाडली.

"मग सासूच्या मांडीला मांडी लावून मी एकटी काय करू इथं? मलाही जाळ."

"तुला इथं ठेवता येईल, आई. मी परवानगी काढतो."

"नको. तुला समजावत बसावं लागेल."

गाडीत तिनं नातीकडं पाणी मागितलं. माझ्याशी ती अबुधाबी येईपर्यंत बोलली नाही. मला तिच्या अबोल्याचं काहीच वाटत नव्हतं, हेही लिहून ठेवतो.