बोटीचं नाक

शिरोळजवळ कृष्णेत माझी छोटी मोटरबोट असायची. वेग घेतला की तिचं नाक आभाळाकडं जायचं, म्हणून दर रविवारी धिप्पाड मेव्हण्याला पुढं बसवायचो. एकदा माझं डोकंच फिरलं. माणसाच्या वजनावर बोट किती दिवस चालवायची? उद्यमनगरातल्या वर्कशॉपातून स्टीलच्या पत्र्याच्या, बिजागरीवर खाली-वर होणाऱ्या दोन पट्ट्या करून आणल्या आणि बोटीच्या मागच्या बाजूला स्वतः भोकं पाडून, सिलिकॉन भरून बसवल्या. पट्ट्या खाली केल्या की पाणी बोटीची मागची बाजू उचलायचं आणि नाक सरळ! मी खूश. मेव्हण्याला मात्र मागं बसावं लागलं. उतरताना म्हणाला, "दाजी, मग आता माझं काय काम हाय?"

पुढच्या रविवारी मी पट्ट्या गुपचूप वर उचलल्या आणि त्याला पुढं बोलावलं. नाक खाली आलं.

"बघा!" तो ओरडला. "पत्र्यानं काय हुतंय व्हय?"

मी म्हटलं, "न्हाय की."