जावेपेक्षा लांबचं दिसणारा

घरात पहिला डिजिटल कॅमेरा आला तो माझ्या थोरल्या जावेकडे. तिचा भाऊ बोटीवर नोकरीला, त्याने आणला. पालघरजवळच्या माहीमला आमच्या आळीत तोवर कुणाकडे तसला नव्हता. हळद असो, बारसं असो, ही कॅमेरा गळ्यात अडकवून पुढे. बायका तिच्याभोवती घोळका करून पडद्यावर स्वतःला बघायच्या. मी लांबून बघायचे आणि आतल्या आत धुमसायचे. तिने काढलेल्या फोटोंत माझी मुलगी नेहमी कडेला, अर्धी कापलेली. मुद्दाम करते, असं मी धरूनच चालले होते.

शेवटी नवऱ्याला घेऊन बोईसरला गेले. दुकानदाराने काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एक चंदेरी, पातळ, पर्समध्ये मावेल असा. दुसरा काळा, जाडजूड.

"मॅडम, किसका फोटो खींचना है?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "दूर का किसमें जास्ती दिखता है?" कारण जावेच्या कॅमेऱ्याच्या भिंगाची नळी जेमतेम बोटभर पुढे यायची.

नवरा कानाशी म्हणाला, "चंदेरी घे. हलका हाय."

"तसलाच तिच्याकडं हाय," मी म्हटलं. काळा घेतला.

घरी आल्यावर पहिला फोटो कुणाचा काढू? मुलगी शाळेत होती. मी किनाऱ्यावर गेले. जाऊ पार त्या टोकाला काठ्यांवर बोंबील टांगत होती. नळी पूर्ण बाहेर काढली, तशी जाऊ एकदम हाताच्या अंतरावर आली. कुणाच्या तरी बोलण्यावर मान मागे टाकून हसत होती, केस वाऱ्यावर, दोन्ही हात वर. मी बटण दाबलं.

फोटो पाहिला आणि जीव जळला. इतकी सुंदर दिसत होती ती! पुसून टाकावा म्हणून बटण शोधू लागले. नव्या कॅमेऱ्यात ते लवकर सापडेना. तेवढ्यात ती टोपली घेऊन आलीच.

"बघू, काय काढलंस?"

दाखवावंच लागलं. तिने टोपली खाली ठेवली. ओले हात लुगड्याला पुसले, पडद्यावर सावली धरली.

"ही मी हाय?" ती म्हणाली. "अगं, माझा फोटूच नाय कुठं. सगल्यांचे मीच काढते ना."

इतक्या हळदी, इतकी बारशी. आणि खरंच, एकाही फोटोत ती नव्हती.

तिने तो फोटो पालघरच्या स्टुडिओतून मोठा करून आणला आणि ओटीवर लावला. येणारा प्रत्येक जण थांबून बघायचा. "काय आलीय गं!" म्हणायचा. ती कौतुकाने सांगायची, "आमच्या धाकटीनं काढलाय." तरी बघणाऱ्याची नजर तिच्याकडेच जायची, माझ्याकडे कुणी वळायचं नाही. कॅमेरा माझा, हात माझा, आणि चेहरा तिचा.

एका रविवारी मी नवऱ्याच्या हातात कॅमेरा दिला. म्हटलं, "मी बोंबील टांगते. तुमी लांबून काढा, मला कलू देऊ नका."

त्याने बरेच काढले. पण तो काढतोय हे मला सारखं कळत होतं. प्रत्येक फोटोत मी हसायची वाट बघत उभी आहे.