लोणच्याच्या बरणीवरची इटली

फेसलेल्या मोहरीचा वास आला की मला ती काळी तबकडी आठवते. कळंबला मी नवी नवरी होऊन आले ती अक्कल माहेरीच ठेवून, म्हणून तर ट्रंकेत सापडलेली ग्रामोफोनची रेकॉर्ड लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून ठेवली, आणि मधल्या भोकात चिंधी कोंबून वर स्वतःलाच शाबासकी दिली. चार महिन्यांनी लष्करातून निवृत्त झालेले चुलतसासरे, आमचे मामा, घरी आले आणि म्हणाले, "सूनबाई, लढाईहून येताना इटलीतून आणलेली माझी रेकॉर्ड कुठंय? तिथं एकदाच ऐकलं होतं, लई दिवस झाले." मी बरणीकडे धावले. रिठ्याच्या पाण्यानं धुऊन, पदरानं पुसून मी ती मामांनी सोबत आणलेल्या चावीच्या ग्रामोफोनवर ठेवली. आधी नुसती खरखर, आणि मग एकदम पन्नास-साठ वाद्यं घरात घुसली! फडताळातली भांडी थरथरली, माझ्या अंगावर काटा आला, आणि मी विचारते काय, "मामा, गाणारा कधी येणार?" "न्हाय येत तो. गप ऐक!" मामा हसता हसता डोळे पुसत होते. मिठानं खाल्लेल्या जागी सुई उडाली, तर तेवढा तुकडा त्यांनी तोंडानंच वाजवला. म्हातारा थापा मारतोय, असं मी मनात म्हटलं. काल नातीनं रेकॉर्डवरचं नाव मोबाइलवर शोधलं. "आजी, हे रचणाऱ्याला तिकडंही विसरले होते, आता पुन्हा वाजवतायत!" आम्ही दोघी कान देऊन बसलो, तो उडालेला तुकडा आला, आणि मी टाळीच वाजवली: मामांचा एकही सूर चुकला नव्हता.