ग्रीसमावशीचं रक्त

रोपवेच्या सगळ्यात वरच्या स्टेशनात चाकांना तेलपाणी करणारी ती बाई. हात कायम काळेकुट्ट, म्हणून सगळे तिला ग्रीसमावशी म्हणत. नवरा तिथल्याच खानावळीत स्वयंपाकी. दोघांचं उभं आयुष्य त्या विरळ हवेत गेलं. खालून आलेले पाहुणे चार पायऱ्यांत धापा टाकत. मावशी मात्र पाना घेऊन गुणगुणत शिडी चढे.

एका हिवाळ्यात तिच्या अंगातलं त्राणच गेलं. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. अन्नावरची वासना उडालेली, मीठ तेवढं हवंहवंसं. सूपमध्ये ती वरून मीठ घालायला लागली, तसा नवरा फुरंगटला.

"माझ्या हाताची चव गेली, असं सरळ सांग ना!"

"तुझ्या हाताला काय धाड भरलीय? माझीच जीभ फिरलीय."

तळहातांच्या रेषा काळ्या पडल्या होत्या. ग्रीस समजून तिने त्या घासघासून धुतल्या, पण काळेपणा ढिम्म हलेना. मग नवऱ्याने तिचं एक ऐकलं नाही, थेट खाली दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट पाहिला. "हिमोग्लोबिन ठीक आहे तुमचं. राहता कुठे?"

"वर, रोपवेच्या टोकाला."

बाई थबकल्या. "मग ठीक नाही! तिथे प्राणवायू कमी. त्यामुळे शरीर तांबड्या पेशी जास्त बनवतं. तुमचं रक्त चांगलं दाट हवं होतं." त्यांनी मावशीचे तळहात उलटसुलट पाहिले, रक्तदाब घेतला. तोही खाली गेलेला. "मूत्रपिंडांच्या डोक्यावर दोन इवल्याशा ग्रंथी असतात, अॅड्रिनल. त्यांचे हार्मोन कमी पडले, की रक्त बनायचं कामही रेंगाळतं. तुमच्या त्या ग्रंथी थकल्यात, असं वाटतंय. या काळ्या रेषा आणि उतरलेला रक्तदाबही तेच सांगतात."

पुढच्या तपासणीत तेच निघालं. गोळ्या सुरू झाल्या, त्या जन्मभराच्या.

"अंगात ताप असला तर डोस वाढवायचा, आणि एकही गोळी चुकवायची नाही," बाईंनी बजावलं.

"चुकवू दे की," नवरा म्हणाला, "गाठ माझ्याशी आहे!"

हळूहळू भूक परतली, रक्तही त्या उंचीला साजेसं दाट झालं. कंपनीने खालच्या स्टेशनात बसून करायचं काम देऊ केलं, तर मावशीने हात जोडले. "खाली जड हवेत जीव गुदमरतो हो माझा."

आता दुपारी दोघं खानावळीच्या खिडकीशी जेवायला बसतात. तो गोळी पुढे सरकवतो, ती तोंड वाकडं करून गिळते आणि ताटात आणखी वाढून घेते.