अठ्ठावीस टिळे

शुभदा,

आधीच सांगते, हे कौतुकाचं पत्र नाही. तुझ्या निरोप-समारंभात तुमच्या प्रोफेसरांनी मला ‘जावेबद्दल दोन शब्द बोला’ म्हटलं आणि मी घसा बसल्याचं सोंग केलं. घसा ठणठणीत होता. तुला ते कळलं होतं, तरी तू सगळ्यांदेखत मला कोमट पाणी आणून दिलंस. ते दोन शब्द आता लिहिते. ‘मी, मी’ करत लिहिलं तर मी माझीच बाजू घेईन. इतकी वर्षं तेच केलं. म्हणून मालिनी नावाची कुणी बाई आहे असं धरून लिहिते. तूही तसंच वाच. आणि चष्मा लावून वाच.

तर ही मालिनी शहात्तर साली पुण्यात फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झाली. पहिल्या वर्गात पहिली. तीन वर्षांनी दत्तात्रयाशी लग्न करून जर्मनीत लुडविग्सहाफेनला आली. तो रसायनांच्या कारखान्यात, ती घरात. आधी भाषा शिकली, मग दोन मुलं वाढवली, मग नव्याने आलेल्यांना संध्याकाळच्या वर्गात जर्मन शिकवू लागली. व्याकरण असं पक्कं, की जर्मन शेजारणीसुद्धा सरकारी पत्रं तिच्याकडून लिहून घेत. फिजिक्सची पुस्तकं तळघरात खोक्यात होती.

अठ्ठ्याऐंशी साली दत्तात्रयाचा धाकटा भाऊ पद्माकर बायकोला घेऊन आला. ही शुभदा. बी.एस्सी., केमिस्ट्री, सेकंड क्लास. हे ‘सेकंड क्लास’ मालिनीने पुढे इतक्या वेळा मनात घोकलं, की तिला ते शुभदाचं आडनावच वाटू लागलं.

नव्वद साली पेपरात एक जाहिरात आली. रेल्वेने तासाभरावर एक विद्यापीठ, तिथे संशोधनासाठी छोटी अणुभट्टी, तिच्या प्रयोगशाळेत मदतनीस हवा. ही भट्टी वीज करणारी नव्हे. खोल पाण्याच्या हौदाच्या तळाशी पिंपाएवढी बसलेली. अभ्यासाचे नमुने तिच्यात सोडायचे, काही मिनिटांनी काढायचे आणि त्यांत काय काय आहे ते मोजायचं. भट्टी सुरू झाली की हौदाचं पाणी निळं उजळतं. का उजळतं, यावर मालिनीने परीक्षेत आठ मार्कांचं उत्तर लिहिलं होतं आणि आठातले आठ मिळवले होते. प्रत्यक्ष निळं पाणी मात्र पाहिलं नव्हतं.

तिने जाहिरात कापून फ्रिजवर लावली. दत्तात्रय म्हणाला, “जायला तास, यायला तास. मुलांकडे दुपारी कोण बघणार?”

“अहो, नुसती लावलीय.”

वीस दिवस ती नुसतीच लावलेली होती. एकविसाव्या दिवशी शुभदा दूध काढायला फ्रिजपाशी गेली, कागद वाचला आणि म्हणाली, “ताई, मी टाकू का अर्ज?”

मालिनीला हसू आलं. डांके आणि बिट्टेच्या पुढे या बाईचं जर्मन जात नव्हतं. “टाक की,” ती म्हणाली.

आणि त्यांनी घेतली हो! काचेची भांडी धुवायला घेतली. पण सहा वर्षांत परीक्षा देत देत ती कंट्रोल रूममध्ये जाऊन बसली. भट्टी सुरू करायची किल्ली तिच्या हातात आली. पुढे किरणोत्सर्गापासून सगळ्यांना सांभाळायची जबाबदारीही तिच्यावर पडली. दोन हजार अकरात पद्माकर गेला. तेराव्यानंतरच्या सोमवारी ती कामावर हजर. लोक म्हणाले, केवढी धीराची! मालिनी म्हणाली, “हो ना.” आणि घरी येऊन भांडी जरा जास्तच आपटत घासली.

दर दिवाळीला शुभदा चकल्यांचा डबा घेऊन यायची आणि जाता जाता म्हणायची, “ताई, तेवढी पासपोर्टची कॉपी द्या ना. पाहुण्यांची आधी चौकशी होते, म्हणून नाव नोंदवावं लागतं. एकदा निळं पाणी बघून तर जा.”

“शोधून ठेवते.”

दत्तात्रय जाऊन आला. मुलगी ईश्वरी शाळेच्या सहलीतून जाऊन आली आणि जेवताना जर्मनमध्ये तासभर त्याचंच बोलत राहिली. मालिनीच्या वर्गातली पोरंसुद्धा जाऊन आली. पासपोर्ट होता कपाटात, वरच्याच खणात. पण गळ्यात पाहुण्याचं कार्ड अडकवून पिवळ्या रेषेच्या अलीकडे उभं राहायचं, आणि सेकंड क्लासने किल्ली फिरवायची? आणि वर, पाणी निळं का होतं, हे मालिनीला समजावून सांगायचं? नको ग बाई.

मग चोवीस साल उजाडलं. देशातली वीज करणारी अणुकेंद्रं आदल्या वर्षीच बंद झाली होती. विद्यापीठातली ही छोटी भट्टी चालू होती, पण तिच्या परवान्याची मुदत डिसेंबरात संपत होती. शुभदाची नोकरीही डिसेंबरातच. परवाना नवा झाला तर तिच्या हाताखाली शिकलेली माणसं भट्टी पुढे चालवणार. नाही झाला तर भट्टी कायमची थंड, आणि शेवटचं बटण शुभदालाच दाबावं लागणार. सतरा जाडजूड ऑर्डनर, म्हणजे फायली, भरून कागद तयार केले होते तिने. फेब्रुवारीत मंत्रालयाने नेमलेले तपासनीस आले. त्यांचे प्रमुख ब्रिंकमानसाहेब, उंच, किरकिरे, प्रत्येक स्क्रू नकाशाशी ताडून बघणारे.

त्याच आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी शुभदा मालिनीच्या दारात उभी राहिली. चकल्या नाहीत, काही नाही. कोट न काढताच खुर्चीत बसली.

“ताई, घोळ झालाय. कंट्रोल रूममधल्या वायरिंगच्या कपाटाचं दार उघडलं त्यांनी. आतल्या बाजूला लाल ठिपके आहेत. ओळीने. अठ्ठावीस.”

“कसले?”

शुभदा टेबलाकडे बघत म्हणाली, “कुंकवाचे.”

मालिनीने चहाचं आधण बंद केलं. “काय?”

“दसऱ्याला लावायचे मी. यंत्राला. ऑपरेटर झाले त्या वर्षापासून. आपल्याकडे नाही का, शिवणाच्या मशीनला, स्कूटरला…”

“ते कळलं ग. पण दरवर्षी नवा? जुना पुसायचा की नाही?”

“कुंकू कसं पुसायचं, ताई?”

मालिनीने मनात हिशेब केला. पद्माकर जाऊन तेरा वर्षं झाली होती. म्हणजे अठ्ठावीसातले तेरा त्यानंतरचे.

ब्रिंकमानसाहेबांनी आधी ठिपके कापसाने टिपून किरणोत्सर्ग तपासला. काही निघालं नाही. तेव्हा ते जास्तच गंभीर झाले. हे कुठल्याच नकाशात नाही. कुणीतरी इथे काहीतरी मोजतंय. अठ्ठावीस काय? न कळवलेले अठ्ठावीस बिघाड? दहा पुरुष शुभदाकडे बघत होते. तिला ‘दसरा’ हा शब्द जर्मनमध्ये आठवेना, कारण तो नाहीच. ती एवढंच म्हणाली, की मीच लावलेत, लेखी खुलासा देते. पुढच्या शुक्रवारपर्यंत द्या, ते म्हणाले. तोवर फाईल थांबेल.

“तू लिही की. सतरा ऑर्डनर लिहिलेस.”

“ते आकड्यांचं जर्मन हो. हे कसं लिहू? तिथल्या लोकांना दसरा कळत नाही. आपल्या लोकांना रिअॅक्टर कळत नाही. दोन्ही कळणारं तुमच्याशिवाय कोण आहे इथे?”

हे वाक्य मालिनीला गोड लागलं आणि झोंबलंही. “ठेव,” ती म्हणाली. “बघते.”

शनिवार गेला. रविवार गेला. शुभदाचा फोन आला की मालिनी म्हणायची, हे बघ, घाईत लिहायची गोष्ट नाही ही. सोमवारी तिने कागद पुढे ओढला आणि दहा ओळी लिहून काढल्या. भाषेत बोट ठेवायला जागा नव्हती. चौथ्या ओळीत तिने लिहिलं, की संबंधित कर्मचारी महिलेने हे अंधश्रद्धेपोटी केलं. पेन खाली ठेवून वाक्य पुन्हा वाचलं. खोटं म्हणता आलं नसतं. आणि वाचणाऱ्याने अणुभट्टीची किल्ली असल्या बाईच्या हाती एक दिवसही ठेवली नसती.

दत्तात्रय खांद्यावरून डोकावला. “झालं का ग? पाठवून टाक. तिचा जीव टांगणीला लागलाय.”

“अहो, तुम्ही तुमचा पेपर वाचा.”

पण खुलाशाला तारखा हव्यात. नुसतं ‘दसऱ्याला’ चालत नाही. या देशात तारीख नसलेलं काहीच घडलेलं नसतं. मालिनीने शुभदाकडून अठ्ठावीस वर्षांच्या त्या-त्या दिवसांच्या रोजनाम्याची पानं मागवली. कंट्रोल रूममध्ये हाताने लिहितात ती वही. मंगळवारी शुभदाने कॉपी आणून दिल्या आणि तशीच परत गेली.

मालिनी चष्मा लावून बसली. प्रत्येक पानावर तेच हस्ताक्षर. शहाण्णव साल: भट्टी बंद, कपाट उघडून स्वच्छ केलं, वायरींचे सगळे स्क्रू तपासले. सत्त्याण्णव: तेच. अठ्ठ्याण्णव: तेच, दोन ढिले, घट्ट केले. सण रविवारी आला तर आदला शुक्रवार. म्हणजे ही बाई खंडेनवमीला घरी जशी सुरी-कात्री घासूनपुसून पूजेला मांडतात, तशी अख्ख्या कपाटाची सफाई करत होती, आणि ते झाल्यावर मग टिळा. मालिनीने नियमांचं पुस्तक काढलं. ही तपासणी दोन वर्षांतून एकदा पुरे होती. हिने दरवर्षी केली होती. दोन हजार तीनच्या पानावर होतं: हौदातली पाण्याची पातळी दाखवणाऱ्या यंत्राची वायर सुटत आलेली, त्याच दिवशी बसवली, वरिष्ठांना कळवलं. नियमाप्रमाणे त्या कपाटाची पाळी दोन हजार चारला होती.

मालिनीने पानं एकावर एक नीट लावली. तिला राग आला. तिने इतकी वर्षं धरून ठेवलं होतं, की नोकरी आपली होती आणि नशिबाने हिला मिळाली. पण मालिनीने ते कपाट दोन वर्षांतून एकदाच उघडलं असतं. नियमात तसं होतं म्हणून. आणि पहिल्या वर्गात पहिली आल्याच्या तोऱ्यात स्क्रू कुणाला तरी तपासायला सांगितले असते.

दहा ओळींचा कागद तिने फाडला. नवा खुलासा सव्वा पानाचा झाला. खाली तक्ता: वर्ष, तारीख, काय तपासलं, काय सापडलं, रोजनाम्याचं पान. वर एवढंच, की प्रत्येक ठिपका म्हणजे पूर्ण झालेली एक तपासणी. हळद आणि चुना यांपासून केलेली पावडर, तेलात कालवून. ज्या साधनावर आपलं काम चालतं त्याचा वर्षातून एकदा मान राखायचा, ही कर्मचारी महिलेच्या प्रदेशातली रीत. ठिपके अठ्ठावीस आहेत, कारण तिने एकही वर्ष चुकवलं नाही. हे शेवटचं वाक्य लिहिताना मालिनीचे दात आवळलेले होते.

शुभदाने वाचलं आणि नाक ओढलं. “किती छान लिहिलंत हो, ताई.”

“रडू नकोस, कागद भिजेल. सही कर.”

ब्रिंकमानसाहेबांनी तक्ता पानापानाशी ताडून पाहिला. “गेनाऊ, अगदी बरोबर,” म्हणाले म्हणे, दोनदा. मग दोन अटी घातल्या. कपाटात यापुढे सेंद्रिय पदार्थ लावू नयेत. आणि आहेत ते ठिपके पुसू नयेत, नकाशात नोंदवावेत. तशी नोंद झाली: खुणा, लाल, अठ्ठावीस, कार्य नाही.

नोव्हेंबरात नवा परवाना आला. निरोप-समारंभात शुभदा माइकवर म्हणाली, की तो खुलासा माझ्या ताईंनी लिहिला, त्या फिजिक्सच्या एम.एस्सी., पहिल्या आलेल्या. खरं तर ही जागाही त्यांच्याच फ्रिजवरून मला मिळाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालिनीला वाटलं, हिने हेही माझ्याकडून घेतलं. मनात जपून ठेवलेलं गाऱ्हाणं हिने असं हसत हसत सगळ्यांना वाटून टाकलं, चकल्यांसारखं. त्यानंतर प्रोफेसर दोन शब्द बोला म्हणाले, आणि घसा बसला.

बाहेर कोट घालताना शुभदा म्हणाली, “ताई, वीस तारखेला माझा शेवटचा दिवस. किल्ली मीच फिरवणार. सोमवारपर्यंत पासपोर्ट पाठवा. फोनवर फोटो काढून पाठवला तरी चालतो आता.”

मालिनीने फोटो काढला. चांगला आला. सोमवारी दुपारभर फोन हातात होता. पाठवला नाही.

वीस तारखेला संध्याकाळी शुभदाचा फोन आला. आवाज जरा बसलेला, खरा बसलेला. “आला नाहीत.”

“सापडत नव्हता.”

“असू दे,” शुभदा म्हणाली. “माझं कार्ड जमा केलं आज. आता मीही पाहुणीच. दोघींचा एकदमच अर्ज करू. माझी कॉपी देऊन जाते, फॉर्म तुम्ही भरा. तुमचं जर्मन चांगलं.”

जानेवारीत ती कॉपी देऊन गेली. दोन्ही कॉप्या आणि फॉर्म मालिनीच्या टेबलाच्या खणात आहेत, टाचणी लावून. नावं भरली, जन्मतारखा भरल्या, पत्ते भरले. ‘भेटीचं कारण’ असा एक रकाना आहे, दीड ओळीचा. तिथे मालिनी थांबली आहे. मध्ये दोन दिवाळ्या गेल्या. शुभदा चकल्या आणते, खणाकडे बघते आणि विचारत नाही.